उजवीकडे न वळणाऱ्या रंजनाताई

रंजनाताईंकडे गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी व्यायाम मिळत नसे, खडू मिळत असे. तो एका वेताच्या काठीच्या टोकाला सुतळीने बांधलेला असे, कारण तिथे येणाऱ्या कोणालाच खाली बसता येत नसे. काठी हातात देऊन त्या समोरच्या काळ्या फरशीकडे बोट दाखवत आणि म्हणत, "घर काढा."

मी गेले तेव्हा माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला अठरा दिवस झाले होते. काखेत कुबडी होती, मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्याचा जाड वेढा होता, आणि दोन मजले चढून आल्यामुळे कपाळावर घाम होता. मी म्हणाले, "मला चित्र काढता येत नाही."

"चित्र कोण मागतंय? वाट काढा. सकाळी उठल्यापासून घरात कुठून कुठं जाता, तेवढी रेघ ओढा."

मी रेघ ओढली. खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून ओट्यापर्यंत, मागच्या सिंकपर्यंत आणि परत, ओट्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत आणि तिथून दारापर्यंत. रंजनाताई त्या रेघेवरून स्वतः चालून आल्या, अनवाणी, पावलाला पाऊल लावून. ओट्यापाशी थांबल्या. "इथं तुमी पाय रोवून कमरेतून मागं वळता. सिंक मागं आहे. दिवसातून वीसदा तरी. आता पाय उचलायचा, मग वळायचं." मग त्यांनी फरशीवर एकदा इकडून तिकडे नजर फिरवली. "दुसऱ्या माणसाची वाट कुठं आहे?"

"दुसरे कोणी नाही."

"कामाला बाई?"

"नाही."

खालच्या दुकानात कोणी तरी फरशी कापत होते. त्यांनी तो कर्कश आवाज थांबू दिला. मग म्हणाल्या, "बरं हाय. कुणाचा धक्का लागायची भीती न्हाई." त्या स्वरात थट्टा होती की आणखी काही, हे मला तेव्हा कळले नाही. त्यांनी ओले फडके घेऊन माझे घर पुसले. एवढ्याशा रेघेला लागावा त्यापेक्षा अधिक वेळ घेऊन पुसले.

त्यांची खोली निघोजे फाट्यावर, टाइल्सच्या दुकानाच्या वर होती. खोली एकच, पण लांब. एका भिंतीला लाकडी शिड्या, दुसरीला आरसा, आणि तिसऱ्या बाजूला मोठी खिडकी, जिच्यातून कारखान्यांची निळी छपरे चाकणच्या दिशेने एकामागे एक पसरत गेलेली दिसत. दुपारी पावणेतीनला कंपन्यांच्या बसगाड्या रस्ता भरून टाकत आणि मग खोलीत माणसांबरोबर वासही येत. यंत्रावरच्या थंड तेलाचा आंबूस वास, वेल्डिंगचा करपट वास, दिवसभर बुटात कोंडलेल्या पायांचा वास. रंजनाताई खिडकी कधी बंद करत नसत. उंच बाई, रुंद खांदे, कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या, आणि हाताचे पंजे इतके मोठे की माझा गुडघा त्यात वाटीसारखा बसे. आलेला एमआरआय त्या पाकिटातच ठेवत. "फोटो नंतर बघू. आधी ह्याला विचारू," असे म्हणून डोळे मिटत आणि तळवा गुडघ्यावर ठेवत. तो तळवा कोरडा आणि ऊबदार होता. माझ्या व्रणाच्या बाहेरच्या बाजूला एक बधिर जागा झाली होती, तिथे बोट लावले तरी स्पर्श पोहोचत नसे. त्यांचा तळवा तिथून सरकताना मला फक्त भार कळे, हात कळत नसे. बऱ्याच दिवसांनी कोणी तरी हात लावला होता आणि त्यातला काही भाग माझ्यापर्यंत येतच नव्हता, याचे मला वाईट वाटे.

माझा अपघात म्हणावा इतकाही मोठा नव्हता. मोशीच्या चौकात सिग्नलला थांबताना स्कूटर खडीवर घसरली. मी डावा पाय टेकला, तो रुतला, आणि गाडीच्या वजनाबरोबर मी त्या पायाभोवती फिरले. आतून एक आवाज आला, ओल्या दोरीची गाठ ताणून सुटावी तसा बसका आवाज. चिंचवडच्या डॉक्टरांनी सांगितले की गुडघ्याच्या आतला समोरचा अस्थिबंध पूर्ण तुटला आहे. त्यांनी माझ्याच मांडीच्या मागची कंडरा काढून त्या जागी बसवली. इंग्रजी नावे, कोन, टक्के हे सगळे मी ऐकले होते, पण समजले ते रंजनाताईंनी सांगितल्यावर.

"बाईच्या डोक्यावर हंडा असतो ना, तसं मांडीचं हाड नडगीवर बसलंय. मधे चुंबळ आहे, मऊ गादीची. हंडा पुढं घसरू नये म्हणून आत एक तिरपी दोरी बांधलीय. तुमची दोरी गेली. सरळ चालाल तर हंडा काही पडत नाही. म्हणून माणूस फसतो. सरळ चालताना गुडघा खोटं बोलतो, मॅडम. वळायला लावला की खरं सांगतो."

नव्या दोरीविषयी त्यांनी सांगितलेले मी वहीत लिहून ठेवले होते. लावलेली कंडरा आधी मरते. काही आठवडे ती आत नुसता सांगाडा होऊन राहते, मग हळूहळू तिच्यात रक्त शिरते आणि ती त्या जागेची होते. "तिसऱ्या महिन्यात तुम्हाला वाटेल, झालं बरं. दुखत नाही, सूज नाही. तवाच ती सगळ्यात कच्ची असते. तवा मी जास्त ओरडणार, राग मानू नका."

त्यांच्या भाषेला दोन वळणे होती. अहवाल वाचताना, डॉक्टरांशी फोनवर बोलताना ती पुण्याची असे. जीव गुंतला की निघोज्याची होई. मग व्हय, न्हाई, आमी, हाय सुरू. घराणे तिथलेच, पिढ्यान्पिढ्यांचे. ज्या जमिनीवर बाजरी होत होती तिथे आता गोदामे होती आणि फाट्यावरची इमारत त्यांच्या थोरल्या भावाने बांधली होती. त्याला सगळे आण्णा म्हणत. तो रोज दुपारी बहिणीचा डबा घेऊन येई, पण वर येत नसे. खालून गाडीचा हॉर्न दोनदा वाजवी. मग रंजनाताई दोरीला बांधलेली पिशवी खिडकीतून खाली सोडत आणि डबा वर ओढून घेत. मी एकदा विचारले, "वर का येत नाहीत ते?"

"त्याचे गुडघे चांगले हायेत," त्या म्हणाल्या आणि माझ्या टाचेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. "दाबा खाली. गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकली पाहिजे. दहापर्यंत मोजा. मनात नाही, तोंडानं."

माझ्या वेळेलाच गोविंद नावाचा एक कामगार येई. लातूरकडचा, तिशीतला, कंत्राटावर असलेला. बायको-मुले गावी, इथे चौघांत एक खोली. क्रिकेट खेळताना त्याचा अस्थिबंध अर्धा फाटला होता आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न करता पट्टा आणि व्यायाम सांगितला होता. एक दिवस तो आला तो सुजलेला गुडघा घेऊनच. रंजनाताईंनी पाहिले, पट्ट्याचा वळ कुठेच नव्हता.

"पट्टा कुठाय रे?"

"पिशवीत हाय, ताई."

"पिशवीचा गुडघा दुखतोय व्हय?"

गोविंद ओशाळला. "काय करू ताई, पट्टा दिसला की सुपरवायझर गेटवरूनच वापस धाडतंय. म्हणतंय, लंगडं माणूस लाइनवर नको. पर्मनंटची यादी निघायलीय. तवर काढून ठेवतो म्हणलं."

"आणि दोरी समदी तुटल्यावर पर्मनंट लंगडा हो. त्याची यादी माझ्याकडं हाय." एवढे बोलून त्यांनी काठी त्याच्या हातात दिली. "लाइन काढ तुझी. कुठं उभा राहतोस, पेटी कुठं, पार्ट कुठं बसवतोस."

गोविंदने तीन चौकोन काढले. रंजनाताई मधल्या चौकोनात उभ्या राहिल्या आणि त्याच्यासारखे काम करू लागल्या. हवेतला पार्ट उचलायचा, हवेतल्या साच्यावर ठेवायचा, पुन्हा मागे. चार-पाच फेऱ्यांनंतर त्या थांबल्या. "दर वेळी डावा पाय रोवून पिळतोयस. पेटी दीड वीत पुढं घे, आणि तोंड थोडं तिरकं कर. मग पिळायचंच न्हाई, नुसतं हात लांबवायचा."

"पेटी हलवू देतील का पण?"

"पेटी कुणाला दिसतीय? पट्टा दिसतो."

पंधरा दिवसांनी गोविंदची सूज उतरली होती. पट्टा आता ढगळ पँटच्या आत होता. त्याने पेटी हलवली होती आणि शेजारच्या लाइनवाल्यानेही पाठ दुखते म्हणून आपली पेटी तशीच तिरकी केली होती. तो सांगताना हसत होता. रंजनाताई हसल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी त्याला आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दिली आणि खाऊन होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

मी एकटी राहते, त्यामुळे माणसांकडे पाहण्याला मला वेळ असतो. चौथ्या महिन्यात माझ्या लक्षात आले की रंजनाताई उजवीकडे वळत नाहीत. त्यांच्या उजव्या बाजूने कोणी हाक मारली तर त्या डाव्या खांद्यावरून पूर्ण फेरा घेऊन, बारीक बारीक पावले टाकत त्या माणसासमोर येत. नवख्याला ती एक ऐट वाटावी. मी तसे त्यांना म्हणाले तेव्हा त्या माझ्या पायाला वजन बांधत होत्या. बराच वेळ गाठच मारत राहिल्या.

"नजर चांगली हाय तुमची," अखेर त्या म्हणाल्या. आणि मग, जणू दुसऱ्याच कोणाचा अहवाल वाचावा तशा सपाट आवाजात, त्यांनी सांगितले. अठराव्या वर्षी त्या कबड्डीत चढाईला होत्या. जिल्ह्याच्या निवड शिबिराला जायचे ठरले होते. त्याआधी गावच्या मैदानावर सराव करताना एकीने घोटा पकडला, रंजना सुटायला उजवीकडे वळली, घोटा तिथेच राहिला. आवाज झाला. आण्णाने तिला मोटरसायकलवर मधे बसवून, मागे मित्राला धरायला देऊन, तालमीतल्या वस्तादाकडे नेले. तो पैलवानांची हाडे बसवी. त्याने पाय ओढला, आंबेहळदीचा लेप लावला, फडक्याने आवळून बांधले. तीन आठवड्यांत सूज उतरली.

"आण्णा गावभर सांगत सुटला, बहीण बरी झाली म्हणून. पेढे वाटले. मी पण नाचतच मैदानात गेले. पहिल्याच चढाईत वळले आणि बसले ती बसले. मग कुणी म्हणालं ससूनला न्या. त्यांनी सांगितलं, दोरी पहिल्याच दिवशी तुटली होती." त्यांनी गाठ सोडून पुन्हा बांधली. "वस्तादाच्या हातात वाईट नव्हतं. आण्णाच्याबी मनात वाईट नव्हतं. सूज उतरली म्हणजे बरं झालं, एवढंच आमाला ठाऊक."

"नंतर शस्त्रक्रिया का नाही केली?"

"तेव्हा घरात तेवढं कुणाला कळत नव्हतं. मग मी फिजिओ झाले, मला कळायला लागलं, तर मांडी इतकी मजबूत केली होती की चाललं. डावीकडनं फिरत गेले." त्या उठल्या. "त्या दिवसापास्नं आण्णानं कबड्डीचा सामना बघितला न्हाई. इमारत बांधली, खोली दिली. पण वर येत न्हाई. वर आलं की गुडघेच गुडघे दिसतात. सव्वीस वर्षांत आमी एका अक्षरानं बोललो न्हाई यावर. चला, पंधरा वेळा पाय वर."

पाचव्या महिन्यात त्यांनी मला एका पायावर उभे राहायला शिकवले. आधी फरशीवर, मग जाड स्पंजच्या गादीवर, मग त्याच गादीवर डोळे मिटून. डोळे मिटले की गुडघ्याला स्वतःची जागा स्वतः शोधावी लागते, हे त्यांचे म्हणणे. दुपारची अडीचची वेळ, खोलीत आम्ही दोघीच. मी डोळे मिटले. स्पंज पायाखाली श्वास घेतल्यासारखा हलत होता. सातपर्यंत मोजले आणि मी बाजूला कलंडले.

मी पडले नाही. एका मोठ्या पंजाने माझा दंड धरला आणि मला शिडीवर लोटले. डोळे उघडले तेव्हा रंजनाताई जमिनीवर होत्या. त्या माझ्या डाव्या बाजूला उभ्या होत्या आणि मी उजवीकडे कलले होते. मला धरायला त्या उजवीकडे वळल्या होत्या.

"तुमच्या गुडघ्याला लागलं का?" हे त्यांचे पहिले वाक्य.

"नाही."

"वाकवून दाखवा." मी वाकवून दाखवला. मग त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला, डोळे मिटले. गुडघा अर्धवट दुमडलेला होता आणि सरळ होत नव्हता. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा होत गेला, पण आवाज तोच राहिला. "अडकलाय. चुंबळ दुमडून मधे आलीय. आण्णाला फोन लावा."

मी लावला. दहा मिनिटांनी खाली हॉर्न वाजला, दोनदा, नेहमीसारखा. मी खिडकीत गेले आणि म्हणाले, "त्यांना खाली येता येत नाही. तुम्ही वर या." गाडीचे दार उघडले. जिन्यावर जड पावले वाजली, मधल्या वळणावर थांबली, पुन्हा वाजली. पांढरा शर्ट, बोटात जाड अंगठी, पन्नाशी उलटलेला तो माणूस चपला हातात घेऊन दारात उभा राहिला. आत यावे की नाही हे त्याला ठरवता येत नव्हते.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. जुनंच हाय."

आण्णाने चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, आत आला आणि बहिणीला उचलले.

चिंचवडच्या डॉक्टरांनी सगळे स्पष्ट सांगितले. दोरी तर पूर्वीच गेलेली. इतकी वर्षे मांडीच्या जोरावर निभावले याचे त्यांना नवल वाटत होते. पण आता गादी फाटून दुमडली होती. ती शिवता येईल, दोरीही नवी बसवता येईल, मात्र हे लवकर, दोन-तीन आठवड्यांत करायला हवे. नंतर गादीचा तो तुकडा कापून टाकावा लागेल, हाडावर हाड घासू लागेल आणि काही वर्षांत उभे राहून करायचे कोणतेच काम जमणार नाही. शिवले तर सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. कोणी तरी सतत जवळ हवे.

रंजनाताई नको म्हणाल्या. चौथ्या दिवशी अडकलेला गुडघा आपोआप सुटला होता आणि पाचव्या दिवशी त्या खोलीत हजर होत्या. मी गेले तर गोविंदच्या मांडीवर हात ठेवून मोजत होत्या. तो गेल्यावर मी म्हणाले, "डॉक्टरांना काय कळवलेत?"

"काय कळवायचं? सुटला की. सूज पण उतरली."

हे शब्द त्यांच्याच तोंडून आले आहेत हे त्यांच्या लक्षात आले नाही. मला मात्र हळदीचा वास आल्यासारखे वाटले. मी शिडीला धरून उभी राहिले. "उजवीकडे वळून दाखवा."

"मॅडम, पेशंट तुमी हाय. मी न्हाई."

"वळून दाखवा."

त्या वळल्या नाहीत. मग त्या टेबलाच्या कडेवर बसल्या. "सहा आठवडे मला उचलणार कोण? भावजयीचं वय झालंय. आणि आण्णाकडनं पाय धरून घ्यायचा म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिले.

"माझ्याकडे या," मी म्हणाले. "लिफ्ट आहे. खोली रिकामी आहे."

"पेशंटच्या घरी राहू का मी आता?"

"माझ्याकडे या."

"बघू," त्या म्हणाल्या.

त्या एका शब्दावर मी काय काय केले, हे आता सांगताना संकोच वाटतो. आतली खोली पुस्तकांनी भरलेली होती, ती मोकळी केली. पडून राहणाऱ्याला आभाळ दिसावे म्हणून खाट खिडकीकडे वळवली. मोरीत धरायला दांडा बसवून घेतला. ताटे होती, पण दुसरी उशी नव्हती, ती आणली. तिचा अभ्रा उन्हात वाळवला आणि त्याचा कोरडा, कापसाचा वास घरभर राहिला. मी शिकवते त्या कॉलेजमधून परतताना जिना चढण्याऐवजी लिफ्टने जाऊन पाहिले, कुबड्या घेऊन दोन माणसे मावतात का. मावतात.

आठवड्याने रंजनाताईंचा फोन आला. परवा शस्त्रक्रिया आहे, एवढेच सांगितले. मी रजा टाकून दवाखान्यात गेले. आण्णा तिथे आधीच होता. परिचारिका कागद घेऊन आली आणि म्हणाली, "जबाबदार नातेवाइकाची सही." माझा हात पर्सकडे गेला, पेनाकडे. का गेला, ते मला माहीत नाही. रंजनाताईंनी ते पाहिले. मग मान वळवून त्या म्हणाल्या, "आण्णा, सही कर. आणि वाचून कर. ह्या वेळी काय कापणार, काय शिवणार, समदं वाच."

आण्णाने चष्मा लावला. तीन पाने होती. तो ओठ हलवत, बोट ओळीखाली धरून वाचत होता आणि अडले की बहिणीला विचारत होता. हे म्हणजे काय गं. मग हे कशानं शिवतात. बहीण सांगत होती. सव्वीस वर्षांनी ती दोघे त्या गुडघ्याविषयी बोलत होती. सही करताना त्याचा हात थांबला. "त्या दिशी मी तुला हितं आणायला पायजे हुतं," तो कागदाकडे पाहत म्हणाला.

"तवा हितं काय हुतं? माळ हुता," रंजनाताई म्हणाल्या. "कर सही."

त्याला बाहेरून काही आणायला धाडून त्यांनी मला जवळ बोलावले. "तुमच्याकडं येत नाही, मॅडम. खोली आवरलीत ना?"

"नाही. कुठे आवरली."

"तुमाला खोटं बोलता येत न्हाई." त्यांनी माझे मनगट धरले. "तुमच्याकडं आले तर माझा गुडघा बरा होईल. आण्णाचं काय? त्याला पाय धरू दे माझा. सहा आठवडे धरू दे. मगच त्याचं दुखणं उतरेल."

मी मान हलवली. बरोबरच होते ते. दुसऱ्याचे दुखणे इतक्या नेमकेपणाने ज्याच्या हाताला लागते, असा माणूस मी पाहिलेला नाही.

दहाव्या दिवशी मी निघोज्याला त्यांच्या घरी गेले. आण्णा जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि बहिणीची टाच दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू सरकवत होता. "हळू. आणखी. बास, काटकोनाच्या म्होरं न्हाई जायचं," रंजनाताई बजावत होत्या. "आण्णा, बैल न्हाई ओढायचा. श्वास घे तूबी." भावजय चहा घेऊन आली. आण्णाने घाम पुसत मला विचारले, "बघा मॅडम, बराबर हाय का?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. चहा गोड होता. मी अर्धा तास बसले. त्यांच्या मापांत, थट्टेत, रागावण्यात मला शिरायला जागा नव्हती, आणि ती असावी असे वाटणेही बरे नव्हते. घरी आल्यावर मी पुस्तके आतल्या खोलीत परत लावली. दांडा मात्र काढवला नाही.

रंजनाताई चार महिन्यांनी खोलीवर परतल्या. मधल्या काळात मी घरीच व्यायाम करत होते, फोनवर त्यांना सांगत होते. शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा त्या खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होत्या. एका पायावर उडी, मग दुसऱ्या, मग वळून उडी, मग धावत येऊन अचानक थांबणे. टेपने त्यांनी अंतरे मोजली, दोन्ही पायांची मांडी मोजली, आणि फाइल मिटली.

"झालं. आता येऊ नका."

"सहज आले तर?"

"सहज कोण येतं हितं, मॅडम? दुखल्यावर येतात." त्या हसल्या. दारात एक नवा माणूस कुबडी सावरत उभा होता. "पण तुमी या."

मी जिना उतरले, कठडा न धरता.

याला आता दोन वर्षे झाली. आण्णाने वरच्या मजल्यावरची आणखी एक खोली त्यांना जोडून दिली, तिथे कबड्डीच्या मुली येतात, असे गोविंदकडून कळले. तो मला मोशीच्या बाजारात भेटला, भरभर चालत होता. मी अजून गेलेले नाही. रस्त्यावरून जाते, खिडकी उघडी दिसते, आणि काय सांगून वर जावे हे सुचत नाही. संध्याकाळी कधी कधी खुर्चीत बसून मी डोळे मिटते आणि डाव्या गुडघ्यावर तळवा ठेवते. व्रणाभोवती दाबून पाहते, वाकवून पाहते, मग उठून उजवीकडे वळते, डावीकडे वळते. कुठे थोडे तरी दुखते का ते शोधते. काही दुखत नाही. रंजनाताईंचे काम चोख आहे.